अर्थ नाही

चावी फिरवली आणि काहीच झालं नाही. काही म्हणजे काहीच नाही. घरघर नाही, खरखर नाही, नुसता एक बारीक 'टिक्' आणि पुढे शांतता. डॅशबोर्डवरचे दिवे मात्र लखलखीत, मला वेडावून दाखवल्यासारखे.

"झालं?" धाकट्याने विचारलं. तो शेडच्या दारात उभा होता. हातात मोबाइल, पायाशी बाबांची बॅग.

"झालं असतं तर तुला विचारावं लागलं असतं का?"

"ताई, मी फक्त विचारतोय."

"मग विचारू नकोस."

मला राग पटकन येतो. गिऱ्हाइकंसुद्धा आधी माझा चेहरा बघतात आणि मग गाडीचं दुखणं सांगतात. पण त्या सकाळी रागापेक्षा भीती जास्त होती. दुपारपर्यंत बाबांना त्या संस्थेत पोचवायचं होतं. खिडक्यांना जाळ्या, खोलीत धारदार काही नाही, रात्रंदिवस माणसावर कोणाची तरी नजर, अशी ती संस्था. धाकट्याने मोठ्या शहरातून चौकशा करून जागा मिळवली होती. तिथून कोणाचे बाबा घरी परत आल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. आणि त्यांना तिथे पाठवायचं कारण एकच होतं. बाबांना जगायचं नव्हतं.

आमच्या बाबांना सगळा रस्ता 'फोरमन' म्हणतो. घर रस्त्याच्या अलीकडे, आमची गॅरेजची शेड पलीकडे. उभं आयुष्य त्या दोन दारांच्या मध्ये ये-जा करण्यात गेलं. लोकांच्या गाड्या दुरुस्त करता करता स्वतःच्या गाडीकडे बघायला वेळ मिळाला नाही, आणि तिचं इंजिन एक दिवस जॅम झालं. विकून टाका म्हटलं तर माझ्यावर असे डोळे वटारले, की जणू मी आईलाच विकायला सांगितलं. मग एका ठोकलेल्या गाडीतलं त्याच जातीचं इंजिन मिळवलं, आठवडाभर पुसून-घासून ठेवलं, आणि साखळीच्या कप्पीने मायेने गाडीत उतरवलं. खालचं सगळं काम त्यांनी स्वतः केलं. मला हात लावू दिला नाही.

त्याच दिवसांत मी एका गिऱ्हाइकाकडे सामान घेऊन गेले होते. परत आले तर बाबा गाडीशेजारी फरशीवर पडलेले. डोळे उघडे, तोंड वाकडं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

वाचा गेली म्हणजे अगदी सगळी नाही. दोन शब्द राहिले. अर्थ. आणि नाही.

"अर्थ... नाही."

हॉस्पिटलात शुद्धीवर आले तेव्हा हेच पहिले शब्द. धाकटा ढसाढसा रडला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, असं होतं, अशा आजारात माणूस एखाद-दुसऱ्या शब्दावर अडकतो. पण खचून जाणंही फार असतं, लक्ष ठेवा. मन शांत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी बाबा झोपायचे, आणि उठले की पुन्हा तेच. सकाळी अर्थ नाही. संध्याकाळी अर्थ नाही. बोलताना डाव्या हाताची मूठ गादीवर आपटायची, डोळ्यांत पाणी यायचं. ज्याचे हात कधी रिकामे नव्हते त्या माणसाला पलंगावर टाकल्यावर तो दुसरं काय म्हणणार? आम्हाला पटण्यासारखंच होतं ते.

सगळ्यात वाईट आईचं झालं. भरवायला तीच बसायची. ती मऊ भाताचा चमचा पुढे करायची, बाबा मान वर करून तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "अर्थ नाही." सुरुवातीला ती म्हणायची, "असं अभद्र बोलू नये हो." पुढे पुढे काही म्हणेनाशी झाली. त्यांचं तोंड पुसायची, उरलेला भात तसाच आत घेऊन जायची. स्वतः जेवली की नाही ते कळायचं नाही. एकदा भांडी विसळता विसळता माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "मी काही कमी केलं का गं यांचं?"

"तुझं काय मध्येच?" मी म्हणाले. माझी उत्तरं अशीच असतात.

मग ती दुपार आली. आई मोरीत होती, मी शेडच्या मागे टायर काढत होते. बाबा वॉकर धरून, अर्धं अंग ओढत, घराबाहेर पडले आणि थेट रस्त्यात गेले. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचले. त्याच्या टायरचा काळा पट्टा कितीतरी दिवस रस्त्यावर होता. शेजारची बाई धावत आली आणि छाती धरून म्हणाली, "ट्रकखालीच चालले होते हो!" आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं.

घरातल्या सुऱ्या लपवल्या. बाबांचं दाढीचं सामान लपवलं. खोलीच्या दाराची कडी पूर्वीच तुटलेली होती, म्हणून आईने घरात सापडलेल्या कसल्याशा पट्टीचे वेढे घालून दार आतून बांधून टाकलं, आणि स्टूल दारालाच लावलं. तिथेच बसायची, दाराला पाठ लावून. पलंग समोरच होता, तिथूनच भरवायची.

आणि धाकटा कामाला लागला. मी भांडले, खूप भांडले. पण तो म्हणाला, "उद्या काही झालं तर तू आईला काय तोंड दाखवणार?" तिथे मी हरले. मग फक्त एक हट्ट धरला. बाबा जाणारच असतील तर त्यांच्या स्वतःच्या गाडीतून जातील. राहिलेलं वरचं काम मी उरकलं. पाण्याचे पाइप, रेडिएटर, वायरिंग, सगळं. त्यांनी केलेलं खालचं मात्र तपासलं नाही. फोरमनने आवळलेल्या बोल्टला पुन्हा पाना लावायचा नसतो, हा आमच्याकडचा नियमच आहे. एकदा मी लावला होता, तेव्हा ते दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते.

आणि आता ही बया ढिम्म हलेना.

बॅटरी नवी होती. टर्मिनल काढून घासले, घट्ट केले. बॅटरीची काळी वायर बॉडीला पक्की. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारा स्टार्टर, खाली काढला, बाकावर धरून दोन वायरींनी करंट दिला, तर हातातून उडी मारेल असा गरगर फिरला. परत बसवला. चावीकडून येणाऱ्या वायरला दिवा लावून बघितला, पेटला. मग वाटलं हेही इंजिन जॅम आहे की काय, म्हणून पुलीला पाना लावून हाताने फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. सगळं ठीक, आणि गाडी मात्र बंद. जिवंत गाडीने असं वागू नये. मी बोनेटवर एक थप्पड मारली.

"मी भाड्याची गाडी बोलावतो," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दया होती, आणि मला तीच जास्त लागली.

"जा, आधी त्यांना घेऊन ये. तोवर करते काहीतरी."

तो आणि आई रस्ता ओलांडून बाबांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आले. पडल्यापासून बाबा शेडमध्ये पहिल्यांदाच येत होते. आईने त्यांचे केस नीट विंचरले होते, चांगला शर्ट घातला होता. गाडीचं बोनेट उघडं बघितलं आणि बाबांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. ते खुर्चीतून उठायला बघू लागले. धाकट्याने खांदे धरले. "शांत, बाबा. शांत."

मी गाडीत बसले, मनात नको नको ते बोलले आणि चावी फिरवून तशीच दाबून धरली.

टिक्.

"ताई! धूर! बंद कर!"

उडी मारून बाहेर आले. इंजिनाच्या बाजूने धुराची बारीक रेघ वर येत होती. हात लावला आणि भाजला. अॅक्सिलरेटरची केबल! मी भाजलेलं बोट तोंडात घालून नुसती बघत राहिले. अॅक्सिलरेटरची केबल ही पायाने ओढायची तार. तिचा करंटशी काय संबंध? ती का तापावी? इतकी वर्षं गाड्यांखाली घालवली, पण असलं काही बघितलं नव्हतं. पुठ्ठा ओढला, टॉर्च घेतला आणि गाडीखाली शिरले.

बाजूला माणसांचे पाय दिसत होते. आईच्या चपला, धाकट्याचे बूट, खुर्चीची चाकं. आणि वरून आवाज आला.

"अर्थ... नाही."

"बघ," धाकटा हळूच म्हणाला. "इथे येऊनसुद्धा तेच."

आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

सांगते का ते. मी कोर्स करून आलेली. करंट परत नेणाऱ्या जोडणीला कोर्समध्ये 'ग्राउंड' म्हणतात, मीही ग्राउंडच म्हणते. पण बाबा 'अर्थ' म्हणायचे, इंग्रजीतला 'earth'. शाळेतून आले की मी अशीच गाडीखाली शिरायची, आणि वरून, बरोबर याच जागेवरून, त्यांचा आवाज यायचा. "अर्थ बघितलास का? आधी अर्थ, मग बाकीचं." वायरचा अर्थ! बॅटरीतून निघालेल्या करंटला परत यायला जी जाड पट्टी लागते, इंजिन आणि बॉडी जोडणारी, ती. ती नसेल तर दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ फिरत नाही. करंट बिचारा मिळेल त्या चोरवाटेने परत जायला बघतो, आणि अॅक्सिलरेटरची केबल तापते.

बाबा हे शेडमध्ये म्हणाले असते तर मला त्याच क्षणी कळलं असतं. ते पलंगावर म्हणाले. आणि पलंगावरच्या माणसाने 'अर्थ' म्हटलं की तो आयुष्याचाच, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. लोक ध चा मा करतात म्हणतात. इथे तर एक अक्षरसुद्धा बदललं नव्हतं.

टॉर्चचा उजेड गिअरबॉक्सच्या बाजूला टाकला. तिथे रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेली होती. त्यात एक बोल्ट, नुसता दोन आटे बसवलेला. खाली पट्टी नाही. बोल्ट तिची वाट बघत होता.

मी इतक्या जोरात उठायला गेले की कपाळ सायलेन्सरवर आपटलं. तशीच सरपटत बाहेर आले.

"बाबा! वायरचा अर्थ? अर्थची पट्टी लावायची राहिली, हे सांगत होतात?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची डावी मूठ खुर्चीच्या दांड्यावर आपटली. एकदा, दोनदा, परत परत. तोंड वाकडं झालं, घशातून हुंदका आला की हसू ते मला आजही सांगता येणार नाही. मान मात्र हलत होती. हो, हो, हो.

"काय?" धाकटा म्हणाला. "काय झालं? ताई, तुझ्या कपाळातून रक्त येतंय."

"ते गाडीचं सांगतायत."

"काय गाडीचं?"

"अरे, अर्थ नाही! गाडीला अर्थ नाही! पहिल्या दिवसापासून गाडीचं सांगतायत ते!"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो आपला बाबांच्या बॅगेकडे बघत राहिला. आईने दोन्ही हात तोंडावर दाबले होते. मला माझ्याच कानांत घण पडल्यासारखे ऐकू येत होते. सगळे महिने. त्या गोळ्या. तो भात. तो ट्रक. अरे देवा, तो ट्रक! ते रस्त्यात मरायला नव्हते चालले. ते शेडमध्ये चालले होते. रस्ता मध्ये होता, एवढंच.

मी बंपरवर टेकले.

"पट्टी कुठे आहे, बाबा?"

डावा हात उठला. बोट घराकडे.

"घरी जायचंय त्यांना," धाकटा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"गप्प बस जरा. त्यांना काय म्हणायचंय ते आता तू सांगू नकोस. मीही नाही सांगणार."

खुर्ची वळवली आणि बोट दाखवेल तिकडे निघालो. रस्ता ओलांडला, पायऱ्यांवरून उचलून आत नेलं. बोट स्वयंपाकघराकडे नाही, कपाटाकडे नाही. सरळ त्यांच्या खोलीकडे. पलंगाकडेही नाही. बोट थांबलं ते दारावर.

दार उघडंच होतं, सकाळी त्यांना बाहेर काढताना आईने गाठ सोडली होती. कडीच्या तुटक्या कोयंड्याला ती पट्टी लोंबत होती. चपटी, तांब्याच्या तारांची विणलेली, हाताळून हाताळून काळपट झालेली. दोन्ही टोकांना बोल्ट जाईल अशी भोकं. मी त्या दारातून दिवसातून पन्नासदा आत-बाहेर केलं होतं. ती गाठ स्वतःच्या हाताने सोडली होती आणि बांधली होती. गाडीत अशी पट्टी दिसली असती तर अंधारातसुद्धा ओळखली असती.

"ही?" आई म्हणाली. "ही तर यांच्या डांगरीच्या खिशात होती. हॉस्पिटलातून कपडे दिले ना पिशवीत, ते धुवायला काढले तेव्हा... मला काय माहीत गं. मजबूत दिसली म्हणून..."

बाबांना आत कोंडायला आम्ही तीच वापरली होती. आणि ते पलंगावर पडून दिवसभर तिच्याकडे बघत होते, आणि बोंबलून बोंबलून सांगत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमच्या तर डोळ्यांसमोर कळसा होता आणि आम्ही त्याला गाठी मारत होतो. मला ओरडावंसं वाटलं. कोणावर ओरडणार? मी गाठ सोडली आणि पट्टी घेऊन रस्ता धावत ओलांडला.

बोल्ट काढला, पट्टीचं टोक घातलं, आवळला. दुसरं टोक बॉडीला. बाबा मागून येऊन शेडच्या दारात थांबले होते. धाकटा खुर्ची धरून उभा होता, पण खरं तर खुर्चीनेच त्याला धरलं होतं.

चावी फिरवली.

सेल्फने अशी काही आरोळी दिली की आई दचकून मागे सरली. पहिल्या झटक्याला इंजिन खोकलं, दुसऱ्याला खोकलं, तिसऱ्याला लागलं. सगळी शेड थरथरू लागली. बाकावरचे पाने वाजायला लागले. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. लाज कसली त्यात?

धाकटा बाहेर जाऊन फोनवर बोलत होता. "नाही येत आम्ही," एवढंच मला ऐकू आलं. "नाही, तब्येतीचं नाही. आमच्या समजण्यात चूक झाली." मग त्याने फोन खिशात टाकला, बॅग उचलली आणि कोणाला न विचारता घरात ठेवून आला.

तेवढ्यात बाबा ओरडले. "नाही! नाही! नाही!"

आम्ही सगळे गारठलो. सवय वाईट असते. धाकट्याचा हात आपोआप त्यांच्या खांद्यावर गेला. पण बाबांचं बोट ताठ होतं, इंजिनाच्या पुढच्या बाजूला. मी वाकून कान लावला. आवाजाच्या तळाशी एक बारीक चिरकी होती. चिर्र, चिर्र.

"काय म्हणतायत?" धाकट्याने श्वास रोखून विचारलं.

"बेल्ट ढिला ठेवलाय मी," मी म्हणाले. "शिव्या घालतायत."

धाकटा हसायला लागला आणि मध्येच त्याचं रडू झालं. मी पाना घेतला, गाडी बंद केली. अचानक सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत आईचा आवाज आला. ती शेडच्या खांबाला धरून उभी होती. इतका वेळ तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

"म्हणजे," ती म्हणाली, "ते दाराकडे बघत होते?"

"हो गं आई. पट्टीकडे."

"मी तिथेच बसायचे. दाराला टेकून."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. भाताचा चमचा पुढे करणारी आई, तिच्या डोक्याच्या मागे ती गाठ, आणि मान वर करून बघणारे बाबा. ट्रकच्या त्या दुपारपासून, प्रत्येक घासाला.

आई हळूहळू खुर्चीपाशी आली. बाबांच्या समोर उकिडवी बसली, पूर्वी त्यांच्या बुटांची नाडी बांधायला बसायची तशी. त्यांचा चांगला हात दोन्ही हातांत घेतला.

"अहो," ती म्हणाली. "ते मला नव्हतात ना म्हणत?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. कळायला त्यांनाही क्षणभर लागला. मग त्यांचे डोळे एवढे मोठे झाले, आमच्या सगळ्यांपेक्षा मोठे, आणि त्यांनी तिचा हात असा काही घट्ट धरला की तिच्या बांगड्या आवाज करू लागल्या.

"नाही," बाबा म्हणाले. "नाही. नाही. नाही."